यूव्हीला कसलं पाणी चालतं? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या पाणी शुद्धीकरण मशीनच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मशीन कुठलं चांगलं?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला, "पाणी कुठलं?" त्यावर बरेच जण गप्प होतात. नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतंय, हे घरातल्या कर्त्या माणसाला कधीकधी माझ्यासमोरच वैनींकडून कळतं. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत मशीन खरोखर बिघडलेले थोडेच निघतात. बाकीच्यांचं पाणीच त्या मशीनला न चालणारं असतं. तेच ते प्रश्न रोज येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

यूव्ही पाण्याचं नेमकं करतं काय?

पाण्यातल्या जंतूंना वांझ करतं. ट्यूबमधून २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश निघतो. तो जंतूच्या पेशीत शिरतो आणि डीएनएच्या धाग्याला नको तिथे गाठी मारतो. जंतू त्याच क्षणी मरतो असं नाही, पण त्याची पैदास थांबते. पोटात जाऊन वाढताच आलं नाही, तर तो आजारही करू शकत नाही.

एवढंच त्याचं काम. गाळ, क्षार, लोह, खतांचा अंश, रंग, वास, जे आत गेलं ते तसंच बाहेर येतं. पद्धत तशी जुनी आहे, फ्रान्समधल्या मार्सेल शहरात १९१० साली ती सार्वजनिक पाण्यासाठी वापरून बघितली होती. तेव्हाची अडचण आणि आजची अडचण मुळात एकच आहे. हा प्रकाश आहे आणि प्रकाश पलीकडे पोचला तरच काम होणार. रंकाळा तलावाच्या हिरव्या पाण्यात बॅटरी मारून तळ दिसतो का बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

मग पाणी कसं असावं लागतं? आकडे सांगा.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत थोड्याफार फरकाने हेच आकडे असतात. गढूळपणा १ एनटीयूच्या आत, एनटीयू हे गढूळपणा मोजायचं माप. कठीणपणा, म्हणजे आपण ज्याला क्षाराचं पाणी म्हणतो तो, लिटरला १२० मिलिग्रॅमच्या आत. लोह ०.३ मिलिग्रॅमच्या आत, मँगनीज ०.०५ च्या आत. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड असेल तर तोही ०.०५ च्या आत. पालापाचोळ्यातून उतरणारं टॅनिन ०.१ च्या आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याची यूव्ही पारदर्शकता, म्हणजे यूव्ही प्रकाश पाण्यातून किती आरपार जातो ते, किमान ७५ टक्के.

हे आकडे मशीनच्या आत शिरणाऱ्या पाण्याचे आहेत, तुमच्या बोअरचे किंवा विहिरीचे नव्हेत. मूळ पाणी याहून वाईट असेल तर आधी ते सुधारायचं आणि मग यूव्हीखाली आणायचं. पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते.

आमचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. तरी तपासायचं?

हो. डोळ्याला दिसणारा स्वच्छपणा आणि यूव्हीला दिसणारा स्वच्छपणा यांचा फारसा संबंध नाही. विरघळलेलं लोह आणि कुजलेल्या पाल्यातून आलेले पदार्थ आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण २५४ नॅनोमीटरचा प्रकाश गिळून टाकतात. साधी काचसुद्धा आपल्याला आरपार दिसते, पण हा प्रकाश तिच्यातून जात नाही. म्हणूनच ट्यूबभोवतीची नळी क्वार्ट्झची असते. तिच्याजागी साधी काचेची नळी बसवून घेतलेला एक महाभाग मी पाहिला आहे. मशीन झकास निळं दिसत होतं, पाण्यावर परिणाम शून्य.

पारदर्शकता मोजतात ती एक सेंटिमीटर पाण्यातून किती टक्के प्रकाश पलीकडे गेला यावर. पुढचा हिशोब शाळेतला आहे. ९५ टक्के पारदर्शक पाण्यात तीन सेंटिमीटरवर ८६ टक्के प्रकाश पोचतो. ७५ टक्क्यांच्या पाण्यात तेवढ्याच अंतरावर ४२ टक्के. आणि ६० टक्क्यांचं पाणी असेल तर जेमतेम २२. ट्यूब तीच, वीज तीच, पण ट्यूबभोवती पाणी फिरतं त्या चेंबरच्या कडेने जाणाऱ्या पाण्याला चौथा हिस्साही मिळत नाही. त्या कडेच्या पाण्यातले जंतू मजेत पलीकडे जातात आणि तुमच्या ग्लासात येतात.

बोअरच्या पाण्याचा "पिण्यायोग्य" असा रिपोर्ट आहे. मग यूव्ही चालेलच ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मीही फसलो होतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० कठीणपणाला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं म्हणतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. माणसाला ते चालतं. यूव्हीची सीमा १२० ला संपते. गढूळपणाचंही तसंच, मानक १ एनटीयूला चांगलं म्हणतं आणि नाइलाज असेल तर ५ पर्यंत सोडतं, यूव्हीला मात्र १ च लागतो. म्हणजे रिपोर्टवर "योग्य" शिक्का असलेलं पाणी तुमचं पोट सहज पचवेल, पण मशीन पचवणार नाही.

धंद्याच्या सुरुवातीच्या काळात पाचगावच्या एका बंगल्यात मी असाच शिक्का बघून यूव्ही बसवलं. कठीणपणाच्या रकान्याकडे पाहिलंच नाही. चार महिन्यांत काकींचा फोन आला, नातवाचं पोट बिघडतंय, मशीन बघून जा. चेंबर उघडून क्वार्ट्झची नळी बाहेर काढली तर ओळखू येईना. मधल्या भागावर भाताच्या पेजेसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर करकर वाजणारा. दोन्ही टोकांना, जिथे ट्यूबची उष्णता कमी असते, तिथे नळी अजून चकचकीत होती. आत ट्यूब जळत होती, बाहेर हिरवा दिवा लागला होता, आणि पाणी अंधारातून जात होतं. रिपोर्ट पुन्हा काढून बघितला, कठीणपणा ३४०. काकी काही बोलल्या नाहीत, चहा दिला. पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर मी माझ्या खर्चाने बसवून दिला.

असं का होतं, तर ट्यूब गरम असते. कठीण पाण्यातला चुना गरम पृष्ठभाग दिसला की तिथेच बसतो. गिझरच्या कॉइलवर किंवा चहाच्या भांड्याच्या तळाला जे होतं तेच इथे होतं. आपल्याकडे शहराच्या कडेच्या वसाहतींतली बोअरं काळ्या कातळातली असतात, आणि पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडे तर जमिनीच क्षारपड झालेल्या आहेत. तिकडच्या पाण्याला सॉफ्टनरशिवाय यूव्ही लावायचा विचारसुद्धा करू नका.

डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या भांड्यावर वाळल्यावर पांढरे डाग पडतात, एवढं जरी घरात दिसत असेल तरी रिपोर्ट यायच्या आधी अंदाज येतो.

नळीवर थर बसलाच, तर घरी काढता येतो का?

येतो. वीज बंद करा, प्लग काढा, पाणी बंद करा. नळी अलगद बाहेर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा आणि मऊ कापडाने पुसा. तारेची घासणी, राख, भांड्याची पावडर काहीही लावू नका. ओरखडा पडला की नळी गेली. साफ केलेल्या नळीला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, बोटाचं तेलसुद्धा तिथे डाग बनून बसतं. थर तपकिरी असेल तर लोह, काळपट असेल तर मँगनीज, पांढरा असेल तर चुना. महिन्याभरात पुन्हा थर आला तर पुसत बसण्यात अर्थ नाही, पाण्यावर उपाय करा.

आमच्याकडे पाणी काढताना स्वच्छ असतं, पण बादलीत ठेवलं की तांबूस होतं. हे काय आहे?

लोह. राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याच्या जांभ्या दगडाच्या पट्ट्यातून येणारे लोक हे हमखास सांगतात. जमिनीच्या पोटात लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजासारखं होऊन खाली बसतं. पांढऱ्या कपात किंवा काचेच्या ग्लासात पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाला तांबूस साका दिसला तर शंकाच नको.

यूव्हीला लोहाचा त्रास दुहेरी होतो. एक तर ते प्रकाश गिळतं, आणि वर नळीवर तपकिरी पापुद्रा चढवतं. लिटरला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे माणसाच्या दृष्टीने काहीच नाही, पण नळी काही आठवड्यांत चहाच्या गाळणीच्या रंगाची होते. उपाय म्हणजे यूव्हीच्या आधी हवा मारून लोह बाहेर पाडायचं आणि ते धरणारा फिल्टर लावायचा. थोडंच लोह असेल तर सॉफ्टनरही ते उचलतो, पण मग त्याचं रेझिन, म्हणजे आतले क्षार धरणारे मणी, लवकर खराब होतं हे धरून चाला.

पावसाळ्यात नळाला तांबडं पाणी येतं. यूव्ही चालू ठेवायचं का?

जून-जुलैत पंचगंगेचं पाणी कसं असतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. शुद्धीकरण केंद्रात तुरटी वगैरे टाकून गाळ बसवतात, तरी फुटक्या पाईपमधून, नव्याने खोदलेल्या रस्त्यातून आणि टाकीच्या तळातून गढूळपणा येतोच.

गाळाचा कण हा जंतूचा छत्रीवाला असतो. जंतू साधारण एक-दोन मायक्रॉनचा, मातीचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा. जंतू कणाच्या सावलीत बसला की प्रकाश त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून यूव्हीच्या आधी ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर लागतोच लागतो. तो पांढरा दोऱ्याचा गुंडाळा इतर दिवसांत तीन-चार महिने जातो. पावसाळ्यात महिन्याभरात गुळाच्या ढेपेच्या रंगाचा होतो. तेव्हा बदला, "अजून पाणी येतंय की" म्हणून चालवू नका.

पाणी उघड उघड गढूळ असेल त्या दिवशी काकवीत बॅटरी मारून उपयोग नाही. तुरटी फिरवा, बसू द्या, वरचं पाणी कापडाने गाळा आणि उकळा. पाण्याला खळखळून उकळी फुटली की जंतूंचं काम संपतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही.

आता थेट पाईपलाईनचं पाणी येतं, त्यात क्लोरीनही असतं. मग यूव्ही कशाला?

रास्त प्रश्न आहे. काळम्मावाडी धरणाचं पाणी या पाईपलाईनने २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं आणि धरणाचं पाणी म्हणून ते मुळातच चांगलं. क्लोरीनचा एक मोठा गुण यूव्हीकडे नाही, तो पाण्याबरोबर शेवटच्या नळापर्यंत जातो. घरातल्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक मिळायला हवं.

अडचण अशी की आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी गेलं की पाईपमधला दाब उतरतो, आणि जिथे गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर गटार असेल तर काय ओढलं जातं ते वेगळं सांगत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती दूषित पाण्यानेच. दुसरं म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. यूव्हीपुढे मात्र तो लवकर हात टेकतो, १२ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढ्या मात्रेत त्याचे हजारातले ९९९ निकामी होतात. चांगल्या घरगुती मशीनची मात्रा ४० धरलेली असते. ती सगळ्यांनाच पुरते असं नाही. अॅडिनोव्हायरस हा विषाणू इतका चिवट आहे की त्याचे दहा हजारातले ९९९९ निकामी करायला १८६ लागतात. त्याचं क्लोरीनपुढे चालत नाही. म्हणून मी क्लोरीन आणि यूव्ही यांना भाऊ-भाऊ म्हणतो. एकाचं अडतं तिथे दुसरा उभा राहतो.

नळाच्या पाण्याला यूव्ही लावायचं तर बहुतेक घरांत स्पन फिल्टर, कार्बन फिल्टर आणि यूव्ही एवढं पुरतं.

कोकणच्या बाजूला शेतघर आहे, झऱ्याचं पाणी आहे. तिथे यूव्ही लावू का?

गगनबावड्याकडचं पाणी चवीला गोड, क्षार जवळजवळ नाहीत. तरीही सावध राहा. ते पाणी जंगलातल्या कुजलेल्या पाल्यातून झिरपत येतं आणि पावसाच्या सुरुवातीला कोऱ्या चहाची फिकी छटा घेऊन येतं. ते टॅनिन. छटा दिसत नसली तरी असू शकतं. अशा पाण्याची यूव्ही पारदर्शकता मोजल्याशिवाय मशीन घेऊ नका. चांगला कार्बन फिल्टर लावून ती बरीच वाढते, पण कार्बन तिथे लवकर भरतो आणि शेतघरावर माणूस महिन्यातून एकदा जातो. त्यापेक्षा तिथे उकळून पिणं मला सोपं वाटतं.

विहीर उसाच्या रानात आहे. पाणी चवीला चांगलं. फक्त यूव्ही पुरेल?

जंतूंपुरतं पुरेल. पण रानात युरिया पडतो, त्यातला नायट्रेट झिरपून विहिरीत येतो, आणि यूव्ही त्याला काहीही करत नाही. उकळल्याने तर तो वाढतो, कारण पाणी उडून जातं आणि नायट्रेट मागे राहतं. मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर हा आकडा आधी बघा. वाढलेला असेल तर त्या बाळासाठी वेगळं पाणी आणा किंवा आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून विरघळलेले क्षार काढणारं मशीन, लावा. चवीवरून नायट्रेट कळत नाही.

आरओ घेऊ की यूव्ही?

विक्रेता टीडीएस मीटर घेऊन येतो, तुमच्या पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्याचा जंतूंशी काडीचा संबंध नाही. टीडीएस ५० असलेल्या पाण्यात काविळीचे विषाणू असू शकतात आणि ८०० च्या पाण्यात एकही नसू शकतो.

मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं. आपल्या धरणाचं आणि नदीचं पाणी कमी क्षाराचं आहे. त्याला आरओ लावून उरलेसुरले क्षार काढायचे आणि ग्लासाला दोन-तीन ग्लास पाणी मोरीत सोडायचं, हे मला पटत नाही. माझं नुकसान होतं पण मी गिऱ्हाइकाला तसं सांगतो. बोअरचं पाणी मचूळ असेल, टीडीएस हजाराच्या वर असेल, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल, तर आरओला पर्याय नाही.

फिल्टर कुठल्या क्रमाने लावायचे?

गाळ आधी, क्षार आणि लोह नंतर, मग कार्बन, आणि यूव्ही सगळ्यात शेवटी. कार्बन यूव्हीच्या नंतर लावणारे फिटर आहेत, चव चांगली येते म्हणे. कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो आणि त्याच्या भोकाभोकांत जंतू मजेत घर करतात. म्हणजे यूव्हीने स्वच्छ केलेलं पाणी पुन्हा त्या वसाहतीतून फिरवून आणायचं. कोणी तसं बसवत असेल तर हात धरा.

ट्यूब तर लागते आहे. मग वर्षाने बदला कशाला म्हणता? हा धंदा आहे का?

धंदा आहेच, पण याबाबतीत खरं बोलतोय. तुम्हाला दिसतो तो निळा उजेड. काम करणारा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही. ट्यूबचं आयुष्य सुमारे ९,००० तास, म्हणजे सतत चालू ठेवली तर वर्षाच्या थोडं पुढे. त्यानंतरही निळा उजेड बराच काळ राहतो, पण आतला २५४ नॅनोमीटरचा प्रकाश उतरत जातो. दर वेळी चालू-बंद केल्यानेही ट्यूब लवकर थकते, त्यामुळे "वीज वाचवायला" दिवसातून वीस वेळा बंद करणाऱ्यांची ट्यूब आधी जाते. बदललेली तारीख मशीनच्या मागे मार्करने लिहून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईला जोडून बदलली तर विसरत नाही.

वरच्या मजल्यावर प्रेशर कमी, म्हणून पंप बसवला. काही फरक पडतो?

पडतो. यूव्हीची मात्रा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले पाणी चेंबरमध्ये किती वेळ थांबलं. पाणी दुप्पट वेगाने गेलं की मात्रा निम्मी. मिनिटाला एक लिटरचं मशीन तीन लिटरने चालवलं तर ४० चे १३ होतात. नवा पंप बसवला तर मशीनच्या आधी प्रवाह आवळणारी बटणाएवढी चकती बसवून घ्या. खरोखर किती पाणी येतंय ते लिटरच्या मापाने आणि मोबाइलच्या घड्याळाने मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

वीज गेली तर? आणि भरून ठेवलेलं पाणी किती दिवस चालतं?

वीज गेली की यूव्ही नाही. चांगल्या मशीनमध्ये ट्यूब बंद असताना पाणी बंद करणारा व्हॉल्व असतो. तो नसेल तर लाइट गेल्यावर नळ सोडू नका.

यूव्हीनंतर पाण्यात काहीही उरत नाही, म्हणून पुढची राखण तुमची. पाणी पुन्हा खराब व्हायला हात बुडवलेला एकच तांब्या पुरे. झाकणाच्या, तोटीच्या भांड्यात भरा आणि त्याच दिवशी संपवा. यूव्ही करून गच्चीवरच्या टाकीत साठवायची मागणी घेऊनही लोक येतात, त्यांना मी हात जोडतो. यूव्ही नेहमी पिण्याच्या नळाजवळ.

सकाळचा पहिला ग्लास कोमट लागतो. बिघाड आहे का?

नाही. रात्रभर ट्यूब चालू आणि पाणी स्तब्ध, म्हणून तापतं. पहिला ग्लास तुळशीला घाला.

पुरात मशीन बुडालं होतं. धुऊन वापरू का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर दुकानासमोर मशीनची रांग लागली होती. चोक आणि वायरिंगमध्ये पुराचं पाणी गेलेलं असतं, ते वाळलं तरी करंटचा धोका राहतो. स्पन आणि कार्बन सरळ फेकायचे, चेंबर आणि नळी ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन चालतात, चोक नवा घ्यायचा. पाणी ओसरल्यावर पहिल्या आठवड्यांत टँकरचं किंवा विहिरीचं पाणी मशीन चांगलं असलं तरी त्यात घालू नका, ते पाणी यूव्हीच्या कुठल्याच अटीत बसत नाही. गाळ खाली बसू द्या, पाणी गाळा, क्लोरीनचे थेंब टाका किंवा उकळा.

ट्यूब उघडी लावून बघितली तर चालते का हे कळेल ना?

अजिबात बघू नका. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या कारखान्यांत ज्यांनी चष्म्याविना वेल्डिंगकडे बघितलंय, त्यांना रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते माहीत आहे. हा तोच प्रकार. ट्यूबमध्ये थोडा पाराही असतो. फुटली तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, हातमोजे घालून तुकडे बंद डब्यात भरा आणि ई-कचऱ्यात द्या. झाडू मारला की पारा पसरतो.

पाणी तपासायचं कुठे, आणि काय काय तपासायला सांगू?

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. ग्रामपंचायतीकडे बहुधा तपासणी संच असतो, त्यावर लोह, कठीणपणा, नायट्रेट ढोबळमानाने कळतं. "पूर्ण रिपोर्ट" मागू नका, नावं घेऊन सांगा: गढूळपणा, कठीणपणा, लोह, मँगनीज, नायट्रेट, टीडीएस आणि मैल्यातून येणारा ई. कोलाय जंतू. शेवटचा १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावा. यूव्ही पारदर्शकता सगळीकडे मोजत नाहीत, पण ज्यांच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे त्यांना "२५४ नॅनोमीटरला, एक सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ सेलमध्ये" असं सांगितलं की ते करून देतात.

नमुना घ्यायलाही पद्धत आहे. रसायनांसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरा, ती विसळायची नाही. नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून एस.टी.तून पाठवलेला नमुना म्हणजे त्या बाटलीची तपासणी. बोअरचं पाणी दोनदा तपासा, मे महिन्यात एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर एकदा. दोन्हींत बराच फरक निघतो, आणि मशीन त्यातल्या वाईट आकड्यावर ठरवायचं.

रिपोर्टचा फोटो पाठवलात तरी चालतो. फक्त शिक्क्याचा नको, आकड्यांच्या रकान्याचा पाठवा.